रुपरावांचं जहाज

रजेच्या अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी त्या रकान्यात ताप, लग्न, तेरावे आणि एकदा 'घराला रंग' एवढेच लिहिले होते. या खेपेला मात्र मी खरे कारण लिहिले: 'बुडालेले जहाज पाहणे.' खरे बोलावे, असे लहानपणी शिकवतात ते बहुधा कार्यालयाबाहेरच्या जगासाठी असावे. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. समासात साहेबांनी विचारले होते की सदर जहाज कोणत्या विभागाचे आहे, 'पाहणे' म्हणजे पाहणी करणे असल्यास दौऱ्याची मंजुरी घेतली आहे काय, आणि निकड काय.

मी रीतसर उत्तर लिहिले. जहाज खाजगी आहे. पाहणी नसून नुसते पाहणे आहे. ते सतरा वर्षांपासून समुद्राच्या तळाशी आहे. हे शेवटचे वाक्य लिहायला नको होते. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला, 'सतरा वर्षे थांबलेले जहाज मार्चअखेरपर्यंत थांबू शकेल. निकड दिसत नाही.'

निकड होती, पण ती रकान्यात मावण्यासारखी नव्हती.

माझ्या बायकोचे, प्रेमिलाचे, थोरले भाऊ रुपराव. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. त्याआधी अकरा वर्षे ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते, असे ते सांगत. 'असे ते सांगत' हे शब्द माझे नाहीत, आमच्या सगळ्या गणगोताचे आहेत. काटोलहून समुद्र कुठल्याही बाजूला शोधायला निघा, एक दिवस प्रवासातच जातो. तिथला माणूस जहाजावर कसा पोचेल? पत्रे मुंबईच्या पत्त्यावरून येत, त्यामुळे निम्मे नातेवाईक समजत की हा हॉटेलात आहे. मग एका जून महिन्यात रुपराव अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले आणि म्हणाले, जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ बुडाले, बावीसच्या बावीस माणसे वाचली, कागदपत्रे मात्र गेली. जहाजाचे नाव 'नीलमंजिरी'. पोटात लोखंडी पत्र्याची भेंडोळी होती, ती वादळात सुटली आणि एका बाजूला गेली.

ही गोष्ट ते दर लग्नात सांगत. लाटा दरवर्षी हातभर वाढत. 'नाक वर करून गेली, हत्तीवानी,' असे म्हणून ते हात वर नेत आणि पंगतीतला वाढपी तिथेच थांबे. पण त्यांच्या गोष्टीतला सगळ्यांचा आवडता भाग वेगळाच होता. रुपरावांनी म्हणे काटोलहून पाटा-वरवंटा नेला होता. मिक्सरात वाटलेल्या चटणीला चव नसते, असे त्यांचे मत. जहाज डोलते, पाटा घसरतो, म्हणून तिथल्या एका फिटरने तो स्वयंपाकघरातल्या ओट्याला लोखंडी पट्टी मारून पक्का बसवून दिला होता.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी पाट्याचा विषय काढला आणि मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "रुपरावभाऊ, पाटा होता तं उखळ अन् जातं पण असन. जहाज होतं का काटोलचं घर?"

मांडवभर हशा झाला. रुपरावही हसले. मग ताटावरून उठले, हात धुतले आणि गाडी काढून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी जहाजाचे नाव काढले नाही. पूर्वी नागपुरात कळमन्याच्या बाजारात माल आणला की परतताना ते आमच्याकडे पोतेभर संत्री टाकून, चहा घेऊन जात. आता कळमन्याला येतात आणि तसेच परत जातात. प्रेमिला त्याबद्दल मला एक शब्द बोलली नाही. फक्त बाजारातून विकतची संत्री आणू लागली आणि न सोलता माझ्यासमोर ठेवू लागली. ज्यांचे लग्न झाले आहे त्यांना यातले गांभीर्य कळेल.

तर असा मी एका रविवारी मोबाइल बघत पडलो होतो. मालवणच्या बाजूला पाण्याखाली बुड्या मारायला शिकवणारे एक केंद्र आहे, त्यांची चित्रफीत समोर आली. हिरवट पाणी, मासे आणि मध्येच एका गंजलेल्या जहाजाची मागची बाजू. तिच्यावर शिंपल्यांच्या थरातून अर्धवट अक्षरे दिसत होती. मी ती फीत अकरा वेळा पाहिली. अकराव्या वेळी 'मंजिरी' इतके स्पष्ट वाचले.

मला आत काहीतरी टोचू लागले. ती माफी मागायची इच्छा होती असे म्हणालो तर ते चांगले दिसेल, पण खरे सांगायचे तर ती शुद्ध उत्सुकता होती. जहाज होते. मग पाटा होता का?

प्रेमिलाला म्हणालो, "मले ते पाहाचं आहे."

तिने फीत एकदाच पाहिली. मोबाइल परत देताना म्हणाली, "जहाज पाहाचं आहे का पाटा?"

"दोन्ही."

"मंग मी पण येतो," ती म्हणाली आणि त्या संध्याकाळी मला दोन वर्षांनी सोललेले संत्रे मिळाले.

केंद्राला फोन केला. पलीकडे नूपुर नावाची प्रशिक्षक होती. तिने सांगितले की नवख्या माणसाला हौसेखातर उथळ पाण्यात नेतात, पण हे जहाज सतरा मीटरवर आहे. तिथे जायचे तर रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागेल. त्यासाठी दोनशे मीटर पोहता आले पाहिजे, दहा मिनिटे तरंगता आले पाहिजे आणि डॉक्टरांचा दाखला हवा. मी विचारले, पोहणे अजिबात येत नसले तर? ती म्हणाली, काका, तुमच्याकडे तलाव असेल ना?

तलाव होता. आमच्या मानेवाड्यापासून जवळच जलतरण तलाव आहे आणि तिथे गोविंदा नावाचे शिक्षक आहेत. मी नोव्हेंबरात नाव घातले. नागपूरचे लोक मे महिन्यात पोहणे शिकतात, यामागे पूर्वजांचा काही विचार असतो हे मला पहिल्या सकाळी पाण्यात पाय घातला तेव्हा कळले. माझ्या तुकडीत सगळे गुडघेदुखीवाले होते. त्यांना डॉक्टरांनी पाठवले होते. मला कोणी पाठवले, असे विचारल्यावर मी 'साळ्याने' म्हणालो आणि अधिक खुलासा केला नाही.

दोन आठवड्यांत एक विचित्र गोष्ट उघड झाली. मला पोहता येत नव्हते, पण मी बुडतही नव्हतो. गोविंदा मला पाण्यावर आडवा करून हात सोडत आणि मी फळीसारखा पडून राही. पोटाचा घेर हे माझ्या आयुष्यातले एक दुखरे प्रकरण आहे, पण इथे त्याचे कौतुक झाले. गोविंदा बाकीच्यांना बोलावून दाखवत, "पाहा, काका बुडूनच नाही राहिले." तरंगण्याची दहा मिनिटे मी पहिल्या महिन्यातच पार केली. दोनशे मीटरला सहा आठवडे लागले आणि तेही मी कुठल्या प्रकाराने पोहलो याचे नाव गोविंदांना सांगता आले नाही. दिशा तेवढी बरोबर होती.

एव्हाना बातमी आमच्या गल्लीत पसरली होती. शेजारचे गोपाळराव रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांनी समुद्र तीनदा पाहिला आहे, त्यामुळे ते या विषयाचे जाणकार ठरले. त्यांनी सांगितले की कानात तेलाचे बोळे घालून जावे. जाण्याआधी आठ दिवस मासे खाऊ नयेत, कारण माशांना वास येतो. मी म्हणालो, आम्ही एरवीही क्वचितच खातो. तर म्हणाले, "मंग तं तुमची ओळखच नाही त्यायच्याशी, अजून सांभाळा." मागच्या घरच्या यमुताईंनी अंगाऱ्याची पुडी दिली आणि ती पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत बांधूनही दिली. एकाही माणसाने मला का जाता म्हणून विचारले नाही. कसे जाऊ नये, हे मात्र सर्वांना ठाऊक होते.

राहिला दाखला. केंद्राने पाठवलेला अर्ज चार पानी इंग्रजी होता. आमच्या घरच्या डॉक्टरांनी तो चष्मा लावून, मग काढून वाचला. त्यांच्या दृष्टीने मला काही झालेले नव्हते, पण 'पाण्याखाली' हा शब्द त्यांना टोचत होता. त्यांनी मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथे मला पट्ट्यावर पळवले आणि हृदय चांगले आहे, बाकी कानवाल्यांना विचारा, असे सांगितले. कानवाल्यांनी कान चांगले आहेत, फुप्फुसाचे बघून घ्या, म्हटले. असा अवयवा-अवयवाने निर्दोष सुटत मी पुन्हा पहिल्या डॉक्टरांपुढे आलो. सगळे कागद पाहून त्यांना सही करणे भाग पडले. त्यांनी योग्य त्या चौकटींत खुणा केल्या, शिक्का मारला आणि राहवेना म्हणून खाली हाताने एक ओळ लिहिली, 'जमिनीवर तंदुरुस्त.'

रजेचे काम सगळ्यात सोपे निघाले. नवा अर्ज केला, कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी रजा मंजूर झाली. विशेष म्हणजे ते खोटेही नव्हते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो. नूपुर सव्विसेक वर्षांची, बारीक, उन्हाने रापलेली मुलगी निघाली. तिने डॉक्टरांची ती ओळ वाचली, ओठ दाबून हसली आणि कागद फायलीत लावला. मग माझा अभ्यास सुरू झाला. दोन दिवस पुस्तक, चित्रफिती आणि शेवटी पन्नास गुणांची परीक्षा. मला अठ्ठेचाळीस मिळाले. तिथे शिकायला आलेल्या पुण्याच्या दोन तरुण मुलांना बेचाळीस आणि एकेचाळीस मिळाले, ही माहिती मी सहज देतो आहे.

त्यानंतर रबरी पोशाख आला. तो अंगाला चिकटून बसावा लागतो. माझ्या मापाचा होता, पण त्या पोशाखाला ते मान्य नव्हते. नूपुर आणि होडीवाले असे दोघे दोन्ही बाजूंनी ओढत होते आणि प्रेमिला खुर्चीवर बसून, गादीला अभ्रा घालताना सांगावे तशा सूचना देत होती. शेवटी मी आत गेलो. पाठीवर टाकी चढली. पाण्यात उतरलो आणि बूच जसे वर राहते तसा वरच राहिलो. नागपुरात ज्या गुणाचे कौतुक झाले तो इथे दोष ठरला. नूपुरने माझ्या कमरेला शिशाचे वजन बांधले, पुन्हा वाढवले, आणि होडीवाल्यांना म्हणाली की आता आपल्याकडे एवढेच आहे.

एक गोष्ट तिने मला दहादा सांगितली. "काका, श्वास धरून ठेवायचो नाय. बाकी सगळा विसरलात तरी चलात, ह्या एक विसरा नको." उथळ पाण्यात दोन दिवस सराव झाला. नाक दाबून कान मोकळे करणे, चष्म्यात शिरलेले पाणी फुंकून काढणे, तोंडातली नळी सुटली तर पुन्हा धरणे, सगळे केले. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही शिकलो. परीक्षेतले माझे गेलेले दोन गुण खुणांच्या प्रश्नातले होते, हे मी तेव्हा मनावर घेतले नाही.

जहाजावर जायच्या दिवशी होडी तासभर चालली. प्रेमिला, जिने आयुष्यात अंबाझरी तलावाच्या पलीकडे पाणी पाहिले नव्हते, ती होडीच्या टोकाला पदर खोचून बसली आणि होडीवाल्यांना इंजिनाबद्दल विचारत राहिली. मी दुसऱ्या बाजूला कठड्यावर वाकून सकाळचे पोहे समुद्राला परत करत होतो. जागेवर पोचल्यावर नूपुरने विचारले, जायचे ना? मी मान हलवली. खाली काही का असेना, ते हलणार तरी नव्हते.

दोराला धरून आम्ही उतरलो. पाणी आधी निळसर होते, मग हिरवे झाले, मग ताकासारखे गढूळ. स्वतःच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. मी एवढा जोरात श्वास घेतो हे मला त्रेपन्न वर्षांत कोणी सांगितले नव्हते. प्रेमिलाला माहीत असणार. आणि मग समोरचा गढूळपणा हळूहळू घट्ट झाला, त्याला कडा आल्या आणि ती भिंत आहे हे माझ्या लक्षात आले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जिथपर्यंत दिसत होते तिथपर्यंत लोखंड. जहाज डाव्या कुशीवर झोपले होते. जवळ गेल्यावर त्या लोखंडावर एक बोटही रिकामे दिसेना. शिंपले, पिवळे-जांभळे गोळे, झालरी, आणि त्यांत शिरणारे बोटभर मासे. मागच्या बाजूला आलो तर ती अक्षरे दिसली. मी हातमोज्यातले बोट लांबूनच त्यांच्यावरून फिरवले. नी, ल, मं.

मला इतका आनंद झाला की मी नूपुरकडे वळून, फर्स्ट क्लास म्हणून, अंगठा वर केला.

नूपुरने माझ्याकडे पाहिले, स्वतःचा अंगठा वर केला, माझा दंड धरला आणि मला वर नेऊ लागली. मी जोरजोरात मान हलवली. तिला वाटले मला त्रास होतो आहे. तिने पकड आणखी घट्ट केली. मी पुन्हा अंगठा दाखवला, म्हणजे माझे सगळे ठीक आहे असे. ती आणखी खात्रीने वर निघाली. पाण्याबाहेर डोके आल्यावर तिने आधी मला निरखून पाहिले आणि मग विचारले की झाले काय. मी म्हणालो, काही नाही, फार छान होते.

तिने डोळे मिटून घेतले. "काका, अंगठो म्हणजे वर चला. बरा असा म्हणजे ह्या," आणि तिने अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवला. तोवर प्रवाह बदलला होता. त्या दिवशी पुन्हा उतरता आले नाही. होडीवर प्रेमिलाने विचारले, पाटा दिसला का? मी रबरी पोशाख सोलू लागलो. तेवढ्या वेळात तिचे होडीवाल्यांना पिठले कसे करतात ते सांगून झाले होते.

त्या संध्याकाळी मी नूपुरला सगळे सांगितले. रुपराव, साखरपुडा, पाटा.  मग तिने कागदावर जहाजाचा नकाशा काढला. आत शिरायची परवानगी नाही, तिथली कुठलीही वस्तू हलवायची नाही, हे दोन नियम तिने आधीच बजावले. पण स्वयंपाकघराला उजव्या बाजूने मोठी खिडकी आहे, काच नाही, आणि जहाज डाव्या कुशीवर असल्याने ती खिडकी आता वर तोंड करून आहे. विहिरीत डोकावावे तसे त्यातून डोकावता येईल, म्हणाली. ती स्वतः तिथून शेकडो वेळा गेली होती, पण आत काय आहे हे तिने कधी नीट पाहिले नव्हते. आता तिलाही राहवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलो. जहाजाच्या वरच्या अंगावरून आम्ही पोहत गेलो. तिथे सगळे कलंडलेले होते. दारे म्हणजे खड्डे झाले होते. जिना कपाटातल्या फळ्यांसारखा आडवा पडला होता आणि प्रत्येक पायरीवर एकेक मासा, चाळीतल्या बिऱ्हाडासारखा. कठड्याला अजून एक दोर बांधलेला होता. ती गाठ कोणीतरी, कुठल्या तरी घाईत मारली असणार. मी तिथे थोडा थांबलो. इतकी वर्षे लग्नांतून ही गोष्ट ऐकली, पण त्या बावीस माणसांपैकी कोणाला भीती वाटली असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आमच्या पंगतीत ती हसायची गोष्ट होती.

नूपुरने खिडकी दाखवली. मी काठाला हात न लावता वर तरंगत राहिलो आणि बॅटरीचा झोत आत सोडला. आधी नुसता गाळ उडालेला दिसला. मग खाली, एका कोपऱ्यात, डबे आणि भांडी यांचा ढीग, ज्यात आता भांडे कुठले आणि शिंपला कुठला हे सांगता येत नव्हते. त्याच्या बाजूला ओटा. जहाज आडवे, त्यामुळे ओटा भिंतीसारखा उभा झाला होता. आणि त्या उभ्या ओट्यावर, आपण भिंतीला दिनदर्शिका लावतो तसा, पाटा होता.

चौकोनी, काळा, मध्ये झिजून खोलगट झालेला. त्यावर आडवी लोखंडी पट्टी, गंजून दुप्पट जाड झालेली. एवढ्या लोखंडी जहाजात तो एकच दगड होता. त्याच्यावर शेवाळ होते, पण पाथरवटाच्या टाकीचे घाव दिसत होते. पट्टी आणि पाटा यांच्यातल्या फटीतून एका लांबट माशाने डोके बाहेर काढले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा आत घेतले.

मी नूपुरकडे पाहिले. तिनेही आत पाहिले होते आणि चष्म्याच्या मागे तिचे डोळे मोठे झाले होते. मी अंगठा आणि बोट जोडून गोल केला. दोन्ही हातांनी केला.

केंद्राचा पाण्यात चालणारा कॅमेरा माझ्या मनगटाला बांधला होता. मी चौदा फोटो काढले. किनाऱ्यावर ते मोठ्या पडद्यावर पाहिले. अकरा फोटोंत माझा अंगठा होता, अगदी स्पष्ट. दोनांत बुडबुडे. एकात नूपुरचा पाय. नूपुरने आणखी एकदा जाऊ म्हटले, पण वारा सुटला आणि पुढचे चार दिवस होड्या निघणार नव्हत्या. माझी रजा संपत होती.

नागपुरात मी गल्लीत सगळे सांगितले. लोकांनी नीट ऐकून घेतले. गोपाळरावांनी सगळे फोटो पाहिले, माझ्या अंगठ्याचीही तारीफ केली आणि मग पाट्याशी येऊन अडले. पाण्याखाली म्हणे भास होतात, दाब असतो ना. "पाटा असन असं मनात धरून गेले तुम्ही, तं दिसला," ते म्हणाले. "जहाजात पाटा काहून ठेवन कोणी?" बाकीचे हसले. मीही हसलो. मग लक्षात आले की साखरपुड्यात रुपरावही असेच हसले होते, आणि घरात निघून आलो.

पुढच्या रविवारी आम्ही बसने काटोलला गेलो. रुपराव बागेत होते. मृग बहाराची तोड चालली होती आणि ते झाडाखाली बसून संत्री निवडून क्रेटमध्ये भरत होते. या जवाईबापू, एवढेच म्हणाले. प्रेमिला त्यांच्या शेजारी बसून निवडू लागली. मी उभाच राहिलो. वाटेत मी एक चांगले भाषण जुळवले होते, त्यातले एक वाक्य आठवेना.

"रुपरावभाऊ, म्या पाटा पाह्यला."

त्यांनी मान वर केली नाही. आणखी दोन-तीन संत्री क्रेटमध्ये गेली. "कोणता पाटा?"

"नीलमंजिरीतला. खाली जाऊन पाह्यला. साखरपुड्यात बोललो ते चुकलं माझं."

आता ते थांबले. प्रेमिलाकडे पाहिले. तिने मान हलवली. फोटो आहे का, असे त्यांनी विचारले नाही. कसा काय गेलात, असेही नाही. जरा वेळाने म्हणाले, "पट्टी हाय का?"

"हाय. गंजली, पण हाय."

"फिटर चांगला होता," ते म्हणाले. "वरवंटा?"

"नाही दिसला."

"नाही दिसणार." त्यांनी हातातले संत्रे गोल फिरवले. "चटणी वाटून राहिलो होतो. भोंगा वाजला. सगळ्यायनं आपापले कागदं घेतले अन् बोटीत उतरले. माह्या हातात वरवंटा होता, मी थोच घेऊन उतरलो. कागदं खोलीत राहिले. कॅप्टननं पाह्यलं तं म्हणे, फेंक उसको. फेकला. थो कुठंतरी अलगच पडला असन." त्यांनी संत्रे क्रेटमध्ये ठेवले. "हे नाही सांगत मी कोणाले. पाट्यालेच लोक इतके हासतात."

कोणी हसले नाही. मग त्यांनी असे काही विचारले की मला आधी कळलेच नाही. जहाज पडले आहे कसे? मी म्हणालो, भाऊ, तुम्हीच तर सांगता, नाक वर करून गेले. त्यांनी मान खाली घातली. "मी नाही पाह्यलं. बोटीत बसलो अन् डोळे लावून घेतले. उघडले तवा नुसतं पाणी होतं. हत्ती-गित्ती बाकीच्यायनं सांगतलं."

मी एक रिकामे क्रेट घेतले आणि त्यांच्यासमोर मातीत डाव्या कुशीवर ठेवले. हे नाक, ही मागची बाजू, इथे नाव. जिना असा. दारे अशी. ते गुडघ्यावर वाकून पाहू लागले, मान तिरपी करून. सतरा मीटर म्हणजे किती, तर विहिरीच्या हिशेबात मी सांगितले. मासे कोणते, किती मोठे, गार लागते का, आवाज येतो का, सगळे त्यांनी विचारले. तासभर तरी गेला असेल. इतकी वर्षे ते सांगत आणि आम्ही ऐकत होतो. आज ते माझा शब्द खाली पडू देत नव्हते.

"म्हणजे माह्या ओट्यासमोरची खिडकी आता वरच्या अंगाले आली," त्यांनी क्रेटच्या एका फटीवर बोट ठेवले.

"हो. तिथूनच पाह्यलं मी. तिथून उजेड जाते आत."

"त्या खिडकीतून कधी उजेडच नव्हता येत," रुपराव म्हणाले. "समोर क्रेनचा खांब होता. दिवसभर लाइट लावून राहा लागे."

ते बराच वेळ त्या क्रेटकडे पाहत राहिले. मग उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि मला विचारले, "पोहणं शिकाले किती दिवस लागले तुम्हाले?"

प्रेमिलाचा हात थांबला. "दादा, तुले पोहता नाही येत?"

"नाही वं. जहाजावर पोहाचं काय काम? ते काम जहाजाचं."

मी म्हणालो, सहा आठवडे लागतात, पण थंडी सरल्यावर तलावावर जागा मिळायला गर्दी होते. रुपरावांनी बोटांवर काहीतरी मोजले.

"हा माल निघू द्या," ते म्हणाले. "मंग येतो नागपूरले राहाले."